नळी वर की खाली? उलट्या रचनेच्या रिव्हॉल्व्हरवरचा वाद

मे महिन्यात नागपुरात नेमबाजीचा सराव करायचा असेल तर सकाळी सहाला रेंजवर पोहोचावे लागते, कारण नऊनंतर पत्र्याच्या शेडखाली उभे राहून श्वास रोखणे म्हणजे भट्टीसमोर ध्यानाला बसण्यासारखे होते. त्यामुळे आमचा दहा मीटर हवाई पिस्तुलाचा सराव लवकर आटोपतो आणि पुढचा तासभर तर्री पोहे व चहा यांच्या साक्षीने वाद रंगतात. गेले काही आठवडे या वादाचा विषय एकच आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने तिथल्या एका रेंजवर दोन रिव्हॉल्व्हर चालवून त्याची चित्रफीत पाठवली. त्यातले एक नेहमीच्या घडणीचे होते आणि दुसऱ्याची नळी चक्क खालच्या बाजूला होती. ही फीत मंद गतीने पाहताना आमच्यात दोन तट पडले. ते का पडले आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे, हे ज्यांनी कधी शस्त्र हाती धरलेले नाही त्यांनाही कळावे, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवतो. मराठीत ‘घोडा दाबला’ असे आपण सर्रास म्हणतो, पण बोटाने ओढला जातो तो चाप, आणि मागून आपटून काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारा तो घोडा. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या दंडगोलात बसतात. त्याला सिलिंडर म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येक काडतुसाच्या पोकळीला मी इथे ‘घर’ म्हणेन. सहा घरांचा सिलिंडर समोरून पाहिला तर तो घड्याळाच्या तबकडीसारखा दिसतो. दर वेळी यातले एकच घर नळीच्या रेषेत येते आणि त्याच घरातली गोळी सुटते.

ते घर कोणते असावे, हा सगळ्या वादाचा मुद्दा आहे.

सॅम्युअल कोल्ट याला १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळाले, आणि तेव्हापासून बहुतेक सर्व रिव्हॉल्व्हरांमध्ये गोळी सुटते ती तबकडीवरच्या बाराच्या घरातून, म्हणजे सर्वांत वरच्या घरातून. यामागे केवळ परंपरा आहे असे नाही. घोडा वर असला की अंगठ्याने तो सहज मागे ओढता येतो. नळी वर असली की नेम धरण्याच्या खुणा, म्हणजे मागची व पुढची साइट, नळीच्या अगदी जवळ बसवता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वरची जागा घोड्याला दिल्यामुळे खालची सगळी जागा चाप, कमान (स्प्रिंग) आणि सिलिंडर फिरवणारा पंजा यांच्यासाठी मोकळी राहते. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे वाद तिथेच येऊन अडणार आहे.

इटलीतल्या एमिलिओ गिसोनी या आरेखनकाराला मात्र बाराचे घर पटत नव्हते. मातेबा या कंपनीसाठी त्याने केलेल्या रिव्हॉल्व्हरांमध्ये नळी सहाच्या घरासमोर, म्हणजे तळाशी आणलेली दिसते. २००८ मध्ये त्याचे निधन झाले, आणि त्याच्याच कल्पनेवर, अंतोनिओ कुदात्सो याच्या साथीने घडलेले रिव्हॉल्व्हर कियाप्पा या इटालियन कंपनीने ‘ऱ्हायनो’ या नावाने बाजारात आणले. भाच्याच्या फितीत दिसत होते ते हेच. ऱ्हायनो म्हणजे गेंडा, आणि नाव अगदी चपखल आहे. खाली बसकी नळी, वर जाडजूड पाठ, आणि गोल असण्याऐवजी चपट्या बाजूंचा, जवळपास षट्‌कोनी सिलिंडर अशा रूपामुळे हे शस्त्र देखणे म्हणता येणार नाही. आमच्या कंपूतल्या एकाने फीत पाहताक्षणी विचारले, “काऊन भाऊ, हे उलटं तं नाही पकडलं पोट्ट्यानं?”

उलटे पकडलेले नव्हते. मग ही उलटापालट कशासाठी, हे समजण्यासाठी धक्का म्हणजे काय ते पाहावे लागेल.

गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र मागे येते, हे शाळेत शिकलेले न्यूटनचे तिसरे तत्त्व. आता आकडे घालून पाहू. .३५७ मॅग्नम या काडतुसाची एक नेहमीची गोळी १०.२ ग्रॅम वजनाची असते आणि ती सेकंदाला सुमारे ३७५ मीटर वेगाने नळीतून बाहेर पडते. रिव्हॉल्व्हर ९०० ग्रॅमचे धरले, तर गोळीमागून सुटणाऱ्या वायूचा हिशेब न धरताही ते सेकंदाला सव्वाचार मीटर वेगाने मागे यायला बघते. हा झाला साधारण निवांत चाललेल्या सायकलचा वेग. जवळजवळ एक किलोचा पोलादी तुकडा त्या वेगाने तळहातावर येतो असे समजा. नळी वर असो वा खाली, काडतूस तेच आणि वजन तेच असेल तर हा आकडा बदलत नाही. ऱ्हायनोचे काही भक्त ‘याला धक्काच नाही’ असे छातीठोकपणे सांगतात, ते म्हणूनच खरे नाही. धक्का तेवढाच असतो. बदलते ती त्याची रेषा, आणि तीही कशी, हे घरातल्या एका छत्रीने दाखवता येते.

मिटलेली लांब दांड्याची छत्री मुठीत उभी धरा. मूठ टेबलावर टेकवा, आणि घरातल्या लहानग्याला छत्रीवर एका बोटाने तुमच्याकडे रेटा द्यायला सांगा. प्रथम मुठीच्या अगदी वर, बोटभर अंतरावर. मग तेवढाच रेटा वीतभर उंचीवर. पहिल्या वेळी छत्री मुठीत दाबल्यासारखी वाटेल, पण सरळ राहील. दुसऱ्या वेळी तिचे टोक तुमच्या कपाळाकडे झुकेल आणि ते अडवायला मनगट पिळावे लागेल. रेटा तोच, पण मुठीपासूनचे अंतर वाढले म्हणून फिरवण्याची ताकद वाढली. रिव्हॉल्व्हरमध्ये रेटा नळीच्या रेषेतून मागे येतो आणि तो अडवणारी मूठ त्या रेषेच्या खाली असते. रेषा मुठीच्या जितकी वर, तितके नळीचे तोंड उसळी मारून वर जाणार. इंग्रजीत यासाठी वेगळा शब्द आहे, मराठीत आपण दोन्हींना ‘धक्का’च म्हणतो, आणि माझे मत असे की आमचा निम्मा वाद या एकाच शब्दामुळे झाला. मागे येणाऱ्या दाबाला मी यापुढे ‘धक्का’ म्हणेन आणि तोंड वर जाण्याला ‘उचल’.

.३५७ च्या सहा घरांच्या सिलिंडरमध्ये बाराच्या आणि सहाच्या घरांच्या मध्यांत अंदाजे एक इंचाचे अंतर असते. म्हणजे नळी तळाशी आणल्याने रेट्याची रेषा सुमारे एक इंचाने मुठीकडे येते. एक इंच ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी मुठीच्या वर असते तीच मुळी दीड-दोन इंच, आणि त्यातून एक इंच वजा झाला तर उचल निम्म्याच्या आसपास येते हे साध्या गुणाकारातून कळते.

फितीत हे अगदी स्पष्ट दिसत होते. भाच्यामागच्या भिंतीवर एक आडवी पांढरी पट्टी होती आणि तिच्याशी तुलना करणे सोपे होते. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरची पुढची साइट गोळी सुटताच पट्टी ओलांडून वर गेली, मनगट वाकले, कोपर किंचित मोडला, आणि मग सगळे सावकाश खाली आले. ऱ्हायनोची साइट पट्टीच्या खालीच राहिली. त्याऐवजी सबंध हात खांद्यासकट मागे सरकला, जणू कोणीतरी समोरून तळहाताने ढकलले. आम्ही ते चार-पाच वेळा थांबवून पाहिले आणि चहावाल्यानेही पाहिले. दुसरी गोळी झाडायला भाचा ऱ्हायनोवर लवकर तयार होत होता, कारण नेम पुन्हा शोधावा लागत नव्हता. परंतु त्याच्या निरोपात एक वाक्य होते ते आमच्यातल्या उत्साही मंडळींनी सोयीस्करपणे वाचले नाही: पन्नास फैरींनंतर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात जास्त दुखले ते ऱ्हायनोने. ते स्वाभाविकच आहे. उचलीत जी ताकद मनगट फिरवण्यात खर्च होत होती, ती आता थेट तळहातात जिरते.

नळी खाली असण्याचा आणखी एक बारीक परिणाम आहे आणि नवख्यांना तो ऐकून आश्चर्य वाटते. गोळी नळीत असते तो काळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण तेवढ्यातही नळीचे तोंड वर सरकू लागलेले असते. म्हणूनच जोरकस काडतुसाच्या नेहमीच्या रिव्हॉल्व्हरची पुढची साइट उंच ठेवलेली असते. नेम धरलेल्या स्थितीत नळी प्रत्यक्षात लक्ष्याच्या किंचित खाली रोखलेली असते, आणि गोळी बाहेर पडेपर्यंत ती उचलली जाऊन हिशेब जुळतो. याच कारणाने जड आणि मंद गोळी हलक्या व वेगवान गोळीपेक्षा कागदावर वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ रेंगाळते. उचल कमी झाली की ही तफावतही कमी होते. मला व्यक्तिशः हा गुण उचलीच्या गुणापेक्षाही जास्त मोलाचा वाटतो, पण आमच्या कट्ट्यावर त्याला फारसे कोणी विचारले नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, आणि इथे थोडे थांबावे लागेल, कारण नळी खाली आणण्याची किंमत एकाच ठिकाणी मोजावी लागत नाही.

पहिली किंमत साइटची. नळी खाली गेली तरी सिलिंडर मध्ये आडवा असल्याने साइट वरच राहते. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये डोळ्याची रेषा नळीच्या मध्यापासून साधारण २० मिलिमीटर वर असते असे धरले, तर ऱ्हायनोसारख्या रचनेत ती ४५ मिलिमीटरच्या आसपास जाते. २५ मीटरवर गोळी नेमक्या जागी लागेल असे शस्त्र जुळवले असेल, तर पाच मीटरवर पहिल्याची गोळी नेमाच्या सुमारे १६ मिलिमीटर खाली लागेल आणि दुसऱ्याची ३६ मिलिमीटर खाली. कागदावरच्या काळ्या वर्तुळात हा फरक डोळ्यांत भरतो. यावर उपाय सवयीचा आहे आणि तो अवघड नाही, परंतु ‘यात काहीच तोटा नाही’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा जवळ ठेवावा.

दुसरी किंमत सुरक्षिततेची आहे, आणि तिच्याबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फिरावा म्हणून त्याच्या आणि नळीच्या मध्ये कागदाच्या जाडीइतकी फट ठेवावीच लागते. गोळी सुटताना या फटीतून तप्त वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना फवाऱ्यासारखे उडतात. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट वर असते आणि बोटे तिच्यापासून बऱ्यापैकी दूर राहतात. नळी खाली आली की फटही खाली आली, आणि दोन हातांनी पकडताना आधाराच्या हाताचा अंगठा किंवा तर्जनी पुढे सरकवण्याची सवय ज्यांना पिस्तुलामुळे लागली आहे, त्यांची बोटे थेट त्या फवाऱ्याशेजारी येतात. मॅग्नम काडतुसाचा हा वायू कातडी फाडू शकतो. म्हणून हे शस्त्र हाती घेण्यापूर्वी आधाराचा अंगठा मागे दुमडून ठेवण्याची सवय करून घ्यावी लागते. नंतर करून चालत नाही.

तिसरी किंमत आतल्या यंत्राची, आणि या विषयावर आमच्या कट्ट्यावरचे काकाजी बोलले. काकाजी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत उभी हयात टर्नर म्हणून राबून निवृत्त झालेले. तिथे रिव्हॉल्व्हर होत नाहीत, तोफगोळ्यांची कवचे वगैरे होतात, हे ते स्वतःच प्रथम सांगतात. परंतु धातूचे दोन तुकडे एकमेकांवर घासले की काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. त्यांनी पोह्याच्या प्लेटवर चमच्याने रचना समजावली. सहाच्या घरातले काडतूस फोडायचे तर घोडा खाली हवा. खाली तर चाप, त्याची कमान आणि सिलिंडर फिरवणारा पंजा आधीच दाटीवाटीने बसलेले. मग घोडा आत कोंबायचा, चापाची ओढ त्याच्यापर्यंत पोहोचवायला मध्ये जास्तीचे दुवे घालायचे, आणि बाहेर अंगठ्याला ओढण्यासाठी घोड्यासारखा दिसणारा एक निराळा खटका ठेवायचा. ऱ्हायनोत नेमके हेच केले आहे. पाठीवर जो घोडा दिसतो तो घोडा नाहीच. तो आतला घोडा ताणण्याचा खटका आहे, आणि काम झाल्यावर तो पुन्हा पुढे जाऊन बसतो. त्यामुळे आतला घोडा ताणलेला आहे की नाही, हे बाहेरून पाहून कळत नाही. ते कळावे म्हणून एक छोटी लाल खूण वर डोकावते.

“जितके सांधे, तितकी झीज,” काकाजी म्हणाले. “आणि जितकी झीज, तितका चाप खरबरीत.”

यात काहीसा पूर्वग्रह आहे, हे मान्य करायला हवे. आजच्या संगणकनियंत्रित यंत्रांवर सांधे पूर्वीपेक्षा कितीतरी काटेकोर होतात. तरीही मूळ आक्षेप खोडता येत नाही. दोन टप्प्यांच्या चापाची ओढ, म्हणजे एकाच ओढीत सिलिंडर फिरवणे आणि घोडा सोडणे, ही नेहमीच्या चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये तेलावर सरकल्यासारखी होते, आणि ती तशी होण्यामागे शंभराहून अधिक वर्षांची घासाघीस आहे. रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजीत बहुतेक गोळ्या चुकतात त्या उचलीमुळे चुकत नाहीत, चाप ओढताना नेम हलल्यामुळे चुकतात. उचलीचा मोठा भाग तर गोळी निघून गेल्यावर येतो. म्हणजे उचल कमी केल्याने पुढची गोळी लवकर झाडता येते, पण हातातली गोळी चांगली लागते ती चापामुळे. पारंपरिक रचनेचे समर्थक जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाचे उदाहरण देतात ते याचसाठी. १९९९ मध्ये त्याने सहा गोळ्या झाडून, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरून, आणखी सहा गोळ्या झाडल्या, आणि हे सगळे २.९९ सेकंदांत. त्याच्या हातात स्मिथ अँड वेसनचे ६२५ हे नेहमीच्या घडणीचे, बाराच्या घरातून झाडणारे रिव्हॉल्व्हर होते. अर्थात मिक्युलेकचे पंजे आणि मनगटे तुमच्या-माझ्यासारखी नाहीत, आणि अपवादावरून नियम काढणे हाही कट्ट्यावरच्या वादाचा जुना रोग आहे.

नळी खाली आणण्याची कल्पना गिसोनीचीच, असे मात्र कोणी समजू नये. ऑलिंपिकच्या २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या असतात, आणि चार सेकंदांत उचल ही खरोखर वैरीण ठरते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज ‘रेकॉर्ड’ नावाचे एक विलक्षण पिस्तूल घेऊन उतरले. ते जणू उलटे करून बांधलेले होते, आणि त्याची नळी जवळपास हाताच्याच पातळीवर आलेली होती. इतरांनी गिल्ला केला आणि पुढे नियम बदलले. आजही आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत २५ मीटरच्या पिस्तुलांसाठी अट आहे की नळीचा अक्ष हा झाडणाऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीमधल्या बेचक्याच्या वरूनच गेला पाहिजे. एखाद्या युक्तीवर बंदी घालावी लागते, तेव्हा ती युक्ती निरुपयोगी नव्हती एवढे तरी सिद्ध होते. आमच्यातल्या ऱ्हायनोवाद्यांच्या हाती लागलेला हा सर्वांत भक्कम पुरावा होता, आणि तो त्यांना मीच पुरवला, याबद्दल काकाजी अजून माझ्यावर नाराज आहेत.

उचलीशी झुंजण्याचा आणखी एक मार्ग होता, तो म्हणजे धक्क्यालाच कामाला लावण्याचा. जॉर्ज फॉसबरी हा ब्रिटिश अमलातल्या बंगाल सैन्यातला अधिकारी. वायव्य सरहद्दीवरच्या १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. त्याच्या कल्पनेतून वेब्ली कंपनीने १९०१ पासून जे रिव्हॉल्व्हर विकले, त्याचा वरचा सबंध भाग धक्क्याने मागे सरके, आणि सिलिंडरवर कोरलेल्या नागमोडी खाचांमुळे तो सरकतानाच पुढचे घर समोर येई. चाप हलका राही, पण मूठ सैल धरली की यंत्र अर्धवट फिरे आणि खाचांत चिखल गेला की अडे. गिसोनीने १९९७ च्या ‘युनिका’ या रिव्हॉल्व्हरमध्ये हीच युक्ती आणि तळाची नळी एकत्र आणली. कौतुक झाले, खप मात्र बेताचाच राहिला.

आता हा सगळा वाद नागपुरात बसून करण्यात अर्थ काय, असा प्रश्न रास्त आहे. सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. ती सवलत नामांकित नेमबाजांपुरती आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे आमच्यातल्या परवानाधारकांकडे असते ते बहुधा कानपूरच्या कारखान्याचे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, इथे इंचात) रिव्हॉल्व्हर. आणि इथेच माझे मत त्या उत्साही मंडळींपासून वेगळे होते. .३२ ची नेहमीची गोळी सुमारे साडेसहा ग्रॅमची आणि वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास. वर मॅग्नमचा हिशेब केला तसाच करून पाहिला तर तिचा धक्का मॅग्नमच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका भरतो. जिथे मुळात उचलच थोडी, तिथे ती निम्मी करून हाती काय लागणार? आणि त्या बदल्यात चापाचा सरळपणा, साइटची जवळीक गमवायची. २५ मीटर सेंटर फायर या प्रकारात, ज्यात जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली, ९.६५ मिलिमीटरपर्यंतचे बोअर चालते. तरीही जगभरचे नेमबाज .३२ चे सपाट तोंडाचे काडतूसच पसंत करतात. उचल कमी करण्याचा पहिला मार्ग काडतूस हलके करणे हाच आहे, हे त्यांना ठाऊक असते. प्रामाणिकपणे हेही सांगतो की त्यांच्या पिस्तुलांच्या नळ्या नियम परवानगी देईल तितक्या खालीच बसवलेल्या असतात. पण ती अर्धस्वयंचलित पिस्तुले असतात आणि त्यांच्यात फिरता सिलिंडर आड येत नाही.

एक अपवाद मी मान्य करतो. २०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ हे .३२ चे रिव्हॉल्व्हर आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन जेमतेम अर्धा किलो आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. वजन घटले की तोच धक्का शस्त्राला अधिक वेगाने मागे ढकलतो. अशा हलक्या शस्त्रात तळाची नळी काही कामाची ठरू शकेल. माझा अनुभव दहा मीटर हवाई पिस्तुलाचा आहे, ज्यात धक्का जवळपास शून्य असतो. तेव्हा माझ्या ठाम मतांना वाचकांनी त्या मानानेच तोलावे.

परवा शेवटी .३२ चा परवाना असलेल्या आमच्या मित्राने तोडगा काढला. नळी ऱ्हायनोसारखी खाली असावी आणि चाप मात्र जुन्या रिव्हॉल्व्हरसारखा असावा, म्हणजे दोन्ही पक्ष खूश. काकाजींनी प्लेटमधला चमचा उचलला, पोह्यांत सिलिंडरच्या खालच्या बाजूला एक रेघ ओढली आणि म्हणाले, “जागा एवढीच हाय बाप्पा. इथं घोडा बसवा नाहीतर चाप बसवा.” मित्राने रेघेकडे पाहिले, थोडा विचार केला, आणि ती रेघ जरा रुंद करता येईल का, असे विचारले. मूठ मग किती जाड होईल, यावर आता नवा वाद सुरू आहे.